तीन हजार अँपिअरचा डबा घ्यावा का?

प्रश्न: आमची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची आहे. मी घरूनच काम करते, त्यामुळे गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते. बाकी दिवस ती धायरीतल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी. या पावसाळ्यात दोनदा बॅटरी उतरली आणि दोन्ही वेळा वॉचमनला घेऊन धक्का मारावा लागला. बाबा ७१ वर्षांचे आहेत. महिन्यातून एकदा ते हीच गाडी घेऊन एकटे साताऱ्याजवळच्या गावी जातात. मागच्या खेपेला खंबाटकी घाटाच्या अलीकडे चाकातली हवा उतरली आणि ते तासभर रस्त्याकडेला उभे होते. मुलाने ऑनलाइन एक जंप स्टार्टर शोधलाय, म्हणजे उतरलेल्या बॅटरीची गाडी चालू करून देणारा छोटा डबा, आणि त्यातच हवा भरायचा पंप आहे. त्यावर लिहिलंय ३००० अँपिअर, १५० पीएसआय (हवेचा दाब), २६,८०० एमएएच (विजेचा साठा), वजन ६५० ग्रॅम, किंमत साडेतीन हजार. शेजारचे काका म्हणतात, हे सगळं खेळणं आहे. माझं बजेट सहा हजारांचं. घ्यावं का? आणि स्कूटरलाही चालेल का?
— एक वाचक, धायरी

उत्तर: ताई, घ्या. फक्त मुलाने शोधलेला तो डबा नको, आणि काहीही विकत घेण्याआधी गाडी घेऊन एकदा बॅटरीवाल्याकडे जाऊन या.

गाडी सात वर्षांची आहे हे तुम्ही लिहिलंत, बॅटरी किती वर्षांची ते लिहिलं नाहीत. वॉरंटी कार्ड शोधून तारीख बघा. आपल्याकडच्या उन्हात मोटारीची बॅटरी तीन-चार वर्षं नीट चालली की तिने पैसे फेडले असं समजायचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला आणि १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. इंजिन चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. तसा गेला नाही तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, बाजूला आहे आणि नवी बॅटरी घालूनही तुम्ही पुन्हा वॉचमनला हाक मारणार.

पण नुसत्या व्होल्टवर विसंबू नका, लोड टेस्ट करून मागा. म्हणजे बॅटरीवर काही सेकंद मोठा भार टाकायचा आणि व्होल्टेज किती कोसळतं ते बघायचं. म्हाताऱ्या बॅटऱ्या निवांत असताना १२.५ दाखवतात आणि सेल्फ मारला की आठ-नऊवर येतात. तुमची तशी निघाली तर सहा हजार आधी तिथे घाला. जुनी परत देऊन किमतीत सूट मिळते, ती मागून घ्या. मेलेल्या बॅटरीला रोज जंप देत बसणं हा इलाज नाही.

बॅटरी धडधाकट निघाली तर दोष वापराचा आहे. बंद गाडीतही लॉकची यंत्रणा, अलार्म, कॉम्प्युटर थोडी थोडी वीज पीत असतात. डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवला असेल तर आणखी. त्यात तुम्ही आठवड्यातून एकदा भाजी आणायला दोन किलोमीटर जाता, तेवढ्यात सेल्फने खाल्लेलं सगळं परत भरून येत नाही. बेसमेंटमध्ये दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवण्याचाही फारसा उपयोग नाही, उलट धुराने शेजारी चिडतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खडकवासल्यापर्यंत जा, चौपाटीवर कणीस खा आणि परत या. अर्ध्या-पाऊण तासाचं सलग चालणं बॅटरीला पुरतं.

मग जंप स्टार्टर कशाला? बाबांसाठी. आणि तो पंपवालाच घ्या, असं मी सांगणार आहे. एरवी मी दोन कामं करणाऱ्या एका यंत्राच्या विरोधात असतो, कारण एक बिघडलं की दोन्ही जातात. इथे मात्र गणित वेगळं आहे. नुसता जंप स्टार्टर घेतला की तो डिकीत जातो आणि विसरला जातो. वर्षभराने गरज पडते तेव्हा त्याचीच बॅटरी उतरलेली असते. पंप मात्र दर पंधरा दिवसांनी लागतो. हवा तपासायला तो बाहेर निघेल, वापरला जाईल, म्हणून चार्जिंगलाही लागेल. हवा भरायची सवय लागली की जंप स्टार्टर आपोआप तयार राहतो. अट एकच: हवा भरली की त्याच संध्याकाळी तो चार्जिंगला लावायचा. बहुतेकांच्या माहितीपत्रकात गाडी स्टार्ट करायला अर्ध्याहून जास्त चार्ज हवा असं लिहिलेलं असतं, आणि पंपाची भूक मोठी असते.

ती किती मोठी, हे आकड्यांनी बघू, म्हणजे खोक्यावरचे आकडेही वाचता येतील. तुमच्या १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला फिरवायला सेल्फ साधारण दीडशे अँपिअर ओढतो, पहिल्या क्षणी त्याहून जास्त. दहा व्होल्टवर दीडशे अँपिअर, दोन सेकंद, म्हणजे एक वॉट-अवरसुद्धा (एक वॉटचा भार तासभर चालवण्याइतकी) ऊर्जा होत नाही. याउलट पंप सात-आठ अँपिअरच ओढतो, पण मिनिटामागून मिनिटं. पूर्ण बसलेलं चाक भरायला पाच ते दहा मिनिटं लागली तर त्यात आठ ते सोळा वॉट-अवर जातात. एका चाकाच्या हवेत कित्येक वेळा गाडी स्टार्ट झाली असती! म्हणजे साठा किती हे पंपासाठी बघायचं आणि क्षणात किती करंट देतो हे स्टार्टरसाठी. माठात पाणी किती मावतं हा एक प्रश्न, त्याचं तोंड किती रुंद हा दुसरा.

आता तुमच्या मुलाचा डबा. २६,८०० एमएएच हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार केला की ९९.१६ वॉट-अवर येतात. विमानात केबिनमध्ये विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, म्हणून पॉवर बँकांच्या दुनियेत हा आकडा लोकप्रिय झाला आणि तिथून तो हवा तिथे छापला जाऊ लागला. पण ९९ वॉट-अवरचे नुसते सेलच साधारण अर्धा किलो भरतात. मोटर, पंपाचा सिलिंडर, नळी, टॉर्च, बॅटरीला लावायचे चिमटे आणि वरचं कवच हे सगळं उरलेल्या दीडशे ग्रॅममध्ये कसं बसवलं, ते विकणाऱ्याला विचारा. पंपासकटचा चांगला डबा एक किलोच्या पुढे जातो. ऑनलाइन खरेदीत ही एक तपासणी घरबसल्या करता येते: लिहिलेली क्षमता आणि लिहिलेलं वजन एकमेकांशी जुळतं का?

३००० अँपिअरची गंमत आणखी मोठी. १२ व्होल्टवर ३००० अँपिअर म्हणजे ३६ किलोवॉट, सुमारे ४८ अश्वशक्ती. तुमच्या गाडीच्या अख्ख्या इंजिनाच्या निम्म्याहून जास्त ताकद एका हातभर केबलमधून! ‘पीक’ म्हणून छापलेला हा आकडा एखाद्या क्षणाचा किंवा निव्वळ कल्पनेचा असतो, आणि तो कसा मोजायचा याचं सर्वांना बांधणारं प्रमाण नसल्याने दरवर्षी फुगतो. त्याच्याकडे बघूच नका. माहितीपत्रकात ‘स्टार्टिंग करंट’ असा वेगळा, लहान आकडा दिलाय का ते शोधा. तुमच्या गाडीला २५०-३०० अँपिअरचा भरवशाचा आकडा भरपूर झाला. डिझेल गाडीला जास्त लागतो. तिथे दाब जास्त असल्याने इंजिन फिरवायलाच जड असतं, म्हणून ‘पेट्रोल ६ लिटर, डिझेल ३ लिटरपर्यंत’ अशी जोडी छापलेली असते. छापलेल्याच्या निम्म्यावर विश्वास ठेवला तरी तुमचं काम भागतं.

चिमट्यांच्या केबलवर एक छोटी डबी असते, ती नीट बघून घ्या. उलटे चिमटे लावले, दोन चिमटे एकमेकांना टेकले, तर ती करंट जाऊच देत नाही. या डबीशिवायचा जंप स्टार्टर कितीही स्वस्त मिळाला तरी ७१ वर्षांच्या माणसाच्या हातात देऊ नका. चिमटे जाड तांब्याचे हवेत, पत्र्यावर मुलामा दिलेले नकोत. साठा ४० ते ६० वॉट-अवर असला तरी चारही चाकांची हवा टॉप-अप करून एखादा स्टार्ट उरतो. पण आकडा वॉट-अवरमध्ये छापलेला हवा, नुसत्या एमएएचमध्ये नको. लिथियम सेलसाठी आपल्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६०४६ या मानकाखाली. आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर किंवा माहितीपत्रकात सापडला नाही, तर पुढे जा. सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतील तर उत्तम: थोडे जड असतात, पण उष्णता जास्त सोसतात आणि पेट घेण्याची भीती कमी.

पंपाच्या बाबतीत १५० पीएसआय विसरा. तुमच्या गाडीला तेहतीसच्या आसपास लागतात. नेमका आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर आहे, चाकावर कोरलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. महत्त्वाच्या गोष्टी तीन: मिनिटाला किती लिटर हवा देतो, ठरवलेल्या दाबाला आपोआप थांबतो का, आणि सलग किती मिनिटं चालवता येतो. छोटे पंप आठ-दहा मिनिटांत तापतात आणि मग त्यांना तेवढाच वेळ विश्रांती द्यावी लागते. नळीचं पितळी टोकही चांगलंच भाजतं, बाबांना हे आधीच सांगून ठेवा. नळी फिरवून बसवायची असेल तर बरी, चिमटीसारखी दाबून बसवायची हवा गळवते.

दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. साताऱ्याहून आल्या आल्या मोजलात तर तापलेल्या चाकात तो काही पीएसआय जास्त दिसतो आणि लोक तिथेच हवा सोडतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे दुपारपेक्षा दोन-तीन कमी दिसले तर घाबरायचं कारण नाही. आणि पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरला असेल तरी वर साधी हवा चालते. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तोही फुकट.

आता बाबा आणि खंबाटकी. पंप खरा कामाला येतो तो इथे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा बहुधा हळू जाते. खिळा उपटायचा नाही. तोच बूच आहे. स्टिकरवरच्या दाबापेक्षा एखाद-दोन पीएसआय जास्त भरायचे, हळू चालवत पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, मध्ये एकदा थांबून पुन्हा मोजायचं. टायर बाजूने फाटला असेल, रिमवरून निसटला असेल किंवा हवा नसताना दोन-चार किलोमीटर चालला असेल, तर हात लावू नये. सपाट चाललेल्या टायरच्या भिंती आतून तुटलेल्या असतात, हवा भरून तो वेगात फुटू शकतो. तिथे स्टेपनी, आणि स्टेपनी बदलायला दुसरा कोणीतरी. पुणे-सातारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, त्यामुळे महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही हेल्पलाइन तिथे चालते. हा नंबर बाबांच्या फोनमध्ये आजच साठवा. घाटात वळणावर तर थांबूच नये. हवा कमी वाटली तरी दहा-वीसच्या वेगाने रुंद जागेपर्यंत गाडी न्यावी. टायर वाया गेला तर गेला.

जंप देण्याची पद्धत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डब्याच्या पिशवीत ठेवा. आधी एक पडताळणी: सेल्फ मारल्यावर टक्-टक् आवाज येतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतायत, तर बॅटरी. दिवे लख्ख आहेत आणि काहीच होत नाही, तर बहुधा बॅटरी नाही. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि यावरून मेकॅनिकला बोलावणारे लोक कमी नाहीत. बॅटरीच असेल तर लाल चिमटा अधिक खुणेच्या टर्मिनलला. काळा इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून जरा लांब, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. मग केबल डब्याला जोडायची, हिरवा दिवा लागला की मिनिटभर थांबायचं, नंतर सेल्फ, तीन-चार सेकंदांहून जास्त नाही. नाही लागला तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी सोडून द्यायचं. गाडी चालू झाली की आधी डब्यातून केबल काढायची, मग काळा, मग लाल. आणि निदान अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही. चहाला थांबायचंच असेल तर उतारावर नव्हे, घरी.

काही डब्यांवर ‘बूस्ट’ नावाचं बटण असतं. बॅटरी इतकी रिकामी असेल की ती डबीला दिसतच नाही, तेव्हा हे बटण सगळे संरक्षण बाजूला सारून करंट सोडतं. चिमटे उलटे असतील तर मग कोणी वाचवणारं नाही. बाबांच्या कागदावर हे बटण लिहूच नका. एक आणखी: तुमची गाडी साध्या गिअरची आहे म्हणून वॉचमन धक्का देऊ शकला. पुढे ऑटोमॅटिक घेतलीत, तर धक्का स्टार्ट हा पर्यायच राहत नाही.

डबा ठेवायचा कुठे? सगळे सांगतील डिकीत. मी सांगेन घरात, किल्ल्यांच्या शेजारी. तुमची गाडी दोन्ही वेळा बेसमेंटमध्ये बंद पडली, लिफ्टने खाली नेता येईल. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हातल्या बंद गाडीत लिथियमला मानवेल त्याच्या बरंच वर तापमान जातं. सेल मरतात, फुगतात. बाबा निघतील तेव्हा पिशवी सोबत द्या, गावाला पोचल्यावर ती गाडीतून काढून घरात ठेवायला सांगा. डबा फुगलेला दिसला की वापर तिथेच थांबवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्याच्या बादलीत टाकू नका, कचरागाडीत आग लागते.

सहा हजारांत पंपासकटचा, वरच्या कसोट्यांना उतरणारा डबा मिळेल. ऑनलाइन घेतलात तरी आधी नाना पेठेत एक चक्कर मारा. दुकानदाराला म्हणा, माझ्याच गाडीचं एक चाक भरून दाखवा आणि डब्याचा गेज (दाब दाखवणारा आकडा) तुमच्या दुकानातल्या गेजशी ताडून बघा. दोन-तीन पीएसआयचा फरक असेल तर तो कायम किती येतो ते लक्षात ठेवलं की झालं. बिल घ्या, वॉरंटीचं काम पुण्यातच होतं का ते विचारा. काकांना सांगा की खेळणी बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून तर वजन बघून घेतेय.

आणि स्कूटर. हवेसाठी बेलाशक वापरा, व्हॉल्व्ह तसाच असतो. फक्त मागच्या चाकाला नळी सरळ पोचत नाही, तिथे वाकडं टोक वेगळं घ्यावं लागेल, शे-दीडशेत मिळतं. पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या दाबाचं असतं, तेही माहितीपुस्तकात बघा. स्टार्टसाठी बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इतकी छोटी आणि अवघड जागी असते की मोठे चिमटे लावताना एकमेकांना टेकायची शक्यताच जास्त. किक आहे ना? मारा.